माळ घातल्यावर सभेला जावे काय?

गेल्या महिन्यात कीर्तन आटोपून आम्ही वीणा उतरवीत होतो, तोच एक बाई खांबाआडून पुढे आल्या. म्हणाल्या, "बुवा, मालकांनी तिसऱ्यांदा माळ घातली अन् तिसऱ्यांदा खुंटीला लावली. तालुक्याला दारू सुटलेल्यांची सभा भरते म्हणतात. तिकडं पाठवू का? का विठ्ठलावरचा भरवसा कमी पडला असं होईल?"

हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरातून तो आला होता आणि आम्ही ताठ्याने सांगितले होते, "नामापरते औषध नाही, सभाबिभा कशाला?" तो मनुष्य सभेला गेला नाही. पुन्हा प्याला, आणि लाजेपोटी देवळातही यायचा थांबला. आज तो हयात नाही. सभेने तो वाचलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण एक दार आम्ही लावून घेतले, एवढे खरे.

तेव्हा ही सभा काय आहे ते आधी पाहू. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनाम मद्यपींची संगत, १९३५ साली अमेरिकेत ओहायो प्रांतातील ॲक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर-व्यवहारी दारू सोडून थोडेच महिने झालेला. कामात अपयश आलेले, परक्या गावच्या हॉटेलात एकटा. एका अंगाला दारूचा गुत्ता, दुसऱ्या अंगाला टेलिफोन. त्याने फोन उचलला, आणि शोध कोणाचा केला? वैद्याचा नव्हे, धर्मोपदेशकाचाही नव्हे. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यप्याचा. डॉक्टर बॉब स्मिथ त्याला भेटले ते असे. स्वतः सावरायचे तर दुसऱ्या पडलेल्याजवळ बसले पाहिजे, हे मर्म त्याला तिथे सापडले.

आम्ही कीर्तनकार उभे राहून सांगतो, श्रोते बसून ऐकतात. सभेत बोलणारा स्वतः पडलेला असतो. म्हणून समोरचा खाली मान घालून बसत नाही. हे लिहिताना आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे होते, पण खरे ते खरे.

आता मुख्य शंका. दारू हे पाप की रोग? पाप म्हणावे तर माणूस लपतो. रोग म्हणावे तर 'माझा काय दोष?' म्हणून मोकळा होतो. त्यांच्या बारा पायऱ्यांत या दोहोंची गाठ घातली आहे. पहिल्या पायरीवर माणूस आपले बळ चालत नाही अशी कबुली देतो. पुढे आपल्या दोषांची झडती घेऊन ते दुसऱ्यापाशी उघड करतो, आणि ज्यांना दुखावले त्यांची शक्य तेथे भरपाई करतो. ही सबब खासच नव्हे. तुकोबारायांनीही आपले दोष अभंगांतून उघड मांडले. त्यांच्या नावाने टाळ वाजवणारे आपण मात्र माळ तुटल्याला दिंडीत उभे करायला कचरतो. ज्या घडीला त्याला संगतीची गरज सर्वांत जास्त, त्याच घडीला तो संगतीबाहेर जातो.

कोणी म्हणतात, सभा चर्चच्या खोलीत भरते. भरते कधी कधी. शाळेच्या खोलीतही भरते. देव ज्याला जसा कळला तसा, एवढेच ते म्हणतात. विठ्ठल कोणी काढून घेत नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा पुरे. फी नाही, भाड्याचहापुरते आपापसांत जमवतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. काही सभा फक्त मद्यपींसाठी, काही कोणालाही खुल्या. घरच्या माणसांसाठी ॲल-ॲनॉन निराळी आहे, आणि त्या बाईंना आम्ही तीच आधी सांगितली. पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात मिळतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. एक सभा मनाला लागली नाही तर दुसरी पाहावी. कीर्तनकारही सगळे कुठे सारखे असतात!

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने ऐन एकादशीला एकदम सोडण्याचा पण करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, झटकेही येतात, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग सभा आणि माळ.

'जन्मभर नाही' असे ते म्हणत नाहीत. 'आज नाही' म्हणतात. हे वारकऱ्याला समजावून सांगायला नको. आळंदी सोडली त्या दिवशी कोणी दिवे घाटाची धास्ती घेत नाही. पुण्याचा मुक्काम गाठतो.

बाईंनी सर्व ऐकून घेतले. मग हळूच म्हणाल्या, "सभा बुधवारची असते. येत्या बुधवारी एकादशी, तुमचं कीर्तन." आम्ही म्हटले, त्यांना सभेला पाठवा. "तिथं चहा-बिस्कीट देतात म्हणे, उपासाला चालेल का?" चहा चालेल, बिस्कीट खिशात ठेवून द्वादशीला खावे, असे आम्ही सांगितले.