कुंडीतून जमिनीत

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-१०

कुंडीतील जास्वंदीचे झुडूप बागेत केव्हा लावावे, हे ठरविताना जाणता माळी फुले पाहत नाही; तो मुळे पाहतो. मुळांनी मातीचा गोळा घट्ट धरला असेल तर झुडूप तयार झाले. त्याआधी काढल्यास माती ढासळते व कोवळी मुळे तुटतात. फार उशीर केल्यास मुळे कुंडीच्या कडेने वेढे घेऊ लागतात. असे झुडूप जमिनीत गेले, तरी ती मुळे कुंडीच्याच आकारात फिरत राहतात.

मग ऋतू पाहावा. मे महिन्याच्या उन्हात दुखावलेल्या मुळांना पुरेसे पाणी ओढता येत नाही. महाराष्ट्रात मृगाच्या सरींनी जमीन भिजली की लागवड करावी. परंतु दिल्लीत मोसमी पाऊस साधारणतः जूनअखेर पोहोचतो, आणि चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. जेथे लावायचे, तेथील आभाळ पाहिले पाहिजे.

यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलातील बंदिवानांस पत्र धाडले. खोटी आशा दाखविणारे संदेष्टे त्यांच्यात होते. यिर्मयाने मात्र त्यांस घरे बांधण्यास, बागा लावण्यास व त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. परतण्याचे अभिवचन त्याच पत्रात आहे. पण ते सत्तर वर्षांनंतरचे. तोवर पाहुण्यासारखे राहावे, अशी देवाची इच्छा नव्हती.

नोकरीनिमित्त इंदूर, दिल्ली, बंगळूर येथे गेलेल्या आपल्या कुटुंबांनी हे पत्र पुन्हा वाचावे. मंडळीचा दाखला वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून असतो. ‘आम्ही इथले नाही’ म्हणून शेवटच्या बाकावर बसून आपण परततो. इकडे मुले वाढतात. गावची मंडळी त्यांस ओळखत नाही, येथलीही ओळखत नाही. दुःखाच्या दिवशी त्यांच्या दारी कोण येईल?

माळी मुळांची जुनी माती धुऊन टाकीत नाही. ती झुडपाबरोबर जाते. आपली मराठी गीते व कौटुंबिक प्रार्थनाही तशाच बरोबर न्याव्यात. मात्र वेढे घेतलेली मुळे तो बोटांनी मोकळी करतो, आणि त्यात काही तुटतात. ‘आमच्याकडे असे नसते’ ही सततची तुलना सोडताना आपल्यालाही वेदना होतील.

स्थानिक मंडळ्यांनाही एक विनंती. नव्या झुडपाला माळी सायंकाळी लावतो, भरपूर पाणी देतो, काही दिवस सावली करतो. खताचा मारा लगेच करीत नाही. नव्याने आलेल्या कुटुंबावर पहिल्याच महिन्यात वर्गणीचा व कामाचा भार टाकू नये. आधी त्यांच्या घरी जावे.

जमीन भिजली असेल, तर या रविवारीच तो दाखला पाळकांच्या हाती द्यावा. ज्या प्रभूने आपणांस तेथे नेले, तोच मुळांना ओलावा देवो. आमेन.