चोरलेल्या सुरांचे विश्वस्त

एखाद्या चांगल्या वस्तूचा उगम अनुचित कृतीत असेल, तर ती वस्तू जपणे हे सत्कृत्य ठरते की त्या मूळ दोषात आपणही वाटेकरी होतो? नीतिशास्त्रातील हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे एक अनपेक्षित उदाहरण पाश्चात्त्य रॉक संगीताच्या इतिहासात सापडते. कलावंताच्या किंवा कंपनीच्या संमतीवाचून केलेल्या ध्वनिमुद्रणांना तेथे ‘बूटलेग’ म्हणतात. बुटाच्या लांब पायात दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून हा शब्द आला. दारूबंदीचा काळ पाहिलेल्या मुंबईकरांना तो अपरिचित नाही. येथे मात्र लपवून नेला जातो तो सूर.

१९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस येथे बॉब डिलनच्या अप्रकाशित मुद्रणांची एक जोड-तबकडी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विक्रीस आली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखली जाणारी ही तबकडी रॉक संगीतातील पहिली गाजलेली बूटलेग होय. त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी ओकलंड येथे झालेली रोलिंग स्टोन्सची मैफल कुणीतरी श्रोत्यांत बसून मुद्रित केली आणि काही आठवड्यांतच तिच्या तबकड्या लोकांच्या हाती पडल्या. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांना. म्हणजे आरंभी कायदाच पुरता जागा झालेला नव्हता. परंतु कायदा झोपलेला असला म्हणजे सदसद्विवेकबुद्धीलाही झोपण्याची मुभा मिळते, असे नाही.

या गुप्त मुद्रकांत माइक मिलर्ड हे नाव विशेष आदराने घेतले जाते. सत्तरीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सभागृहांत त्याने केलेली लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड इत्यादींची मुद्रणे आजही स्वच्छतेचा नमुना मानली जातात. रेकॉर्डर आत नेण्यासाठी तो चाकांच्या खुर्चीत बसून पंगू असल्याचे सोंग घेई, असे त्याच्या सोबत्यांनी पुढे सांगितले. येथे प्रश्न टोकदार होतो. सुरांवरील प्रेम अस्सल होते, हे नाकारता येत नाही, आणि सोंग खोटे होते, हेही नाकारता येत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या प्रश्नाला एक मनोरंजक पूर्वज आहे. अल्लेग्री या संगीतकाराने सतराव्या शतकात रचलेले ‘मिझेरेरे’ हे अनुतापाचे स्तोत्र सिस्टिन चॅपेलमध्ये पवित्र सप्ताहात गायिले जाई व त्याची नक्कल बाहेर जाऊ नये यासाठी दक्षता घेतली जाई. एप्रिल १७७० मध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट वडिलांसह रोमला आला, त्याने ते ऐकले आणि स्मरणातून लिहून काढले. नक्कल करणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा आहे, असा त्या काळी समज होता. त्याच्या वडिलांच्या पत्रात तसा उल्लेख आहे. प्रत्यक्षात त्या मुलाला शिक्षा झाली नाही. उलट त्याच वर्षी पोप क्लेमेंट चौदावे यांनी त्याला ‘गोल्डन स्पर’ हा बहुमान दिला. ही कथा बूटलेग करणाऱ्यांचे समर्थन म्हणून सांगितली जाते. पण मोझार्टने बाहेर नेले ते स्वतःच्या स्मृतीत मावले तेवढेच. यंत्राची गोष्ट वेगळी. यंत्र ऐकत नाही, ते उचलून नेते.

सातवी आज्ञा स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ तिचा अर्थ उलगडताना शेजाऱ्याचे जे आहे ते अन्यायाने घेणे आणि अन्यायाने बाळगणे, या दोहोंना मनाई करतो. हेतू चांगला असला म्हणून मुळात वाईट असलेली कृती चांगली होत नाही, हेही तोच ग्रंथ बजावतो. संत थॉमस अक्वायनस यांनी एक अपवाद सांगितला आहे: जिवावर बेतलेल्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेणारा चोर ठरत नाही. पण संगीताची ओढ कितीही उत्कट असली तरी ती उपासमार नव्हे. तेव्हा मिलर्डचे सोंग निर्दोष ठरवण्याची वाट येथून जात नाही.

मग त्या फिती जाळून टाकाव्यात काय? येथे दुसरी बाजू उभी राहते. तालंतांच्या दाखल्यात धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. ज्यांच्याकडे संगीताची कायदेशीर मालकी आहे, ते सारेच काही ते जपत नाहीत. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील एका स्टुडिओला लागलेल्या आगीत असंख्य मूळ मुद्रणे भस्मसात झाली आणि त्या हानीचा आवाका २०१९ साली वृत्तपत्रांतून लोकांसमोर आला. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेल्या मुद्रणांची कथा आणखी बोलकी आहे. गोदामाचे भाडे थकले आणि १९८६ साली त्या फिती लिलावात गेल्या. परक्या हातांनी त्या सोडवल्या, दुरुस्त केल्या, त्यांच्या प्रती केल्या. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ ची मैफल त्यांतलीच. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत तिचा समावेश केला. ज्याची मालकी त्यालाच किंमत कळते, असा नियम नाही.

म्हणून मला वाटते, संग्राहकाविषयीचा खरा प्रश्न ‘हे तुझ्याकडे आले कसे’ एवढ्यावर संपत नाही. ‘ते तू कोणत्या नात्याने ठेवतोस’ हेही विचारावे लागते. मालक म्हणून ठेवणे वेगळे आणि विश्वस्त म्हणून ठेवणे वेगळे. विश्वस्ताला काही बंधने पाळावी लागतात, आणि पहिले बंधन सत्याचे आहे.

जुन्या फितीची दुरुस्ती हे कष्टाचे काम असते. विशिष्ट बनावटीच्या फितींवरील लेप हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. तेव्हा ती फीत साधारण पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेत काही तास ‘भाजावी’ लागते, तरच ती पुन्हा वाजते. मुद्रण करताना यंत्राचा वेग कमीअधिक झालेला असेल तर सूर चढतो वा उतरतो. अमेरिकेतील विजेची गुणगुण सेकंदाला ६० आवर्तनांची असते. ती फितीत कुठे ऐकू येते हे शोधून मूळ वेग ठरवता येतो. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक पिढीत खरखर वाढते, म्हणून साक्षेपी संग्राहक प्रत्येक मुद्रणाची वंशावळ लिहून ठेवतात: कोणत्या यंत्रावर झाले, कितवी प्रत, कुठे तुटले, ती जागा कोणत्या दुसऱ्या मुद्रणाने भरली. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो, याचे आपल्याला बालपणी कोडे वाटे; वंशावळ ही सत्याची हमी असते, हे येथे कळते.

हे बंधन न पाळल्यास काय होते? डिलनची १९६६ सालची एक मैफल वर्षानुवर्षे ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने फिरत होती. त्याने विजेची गिटार हाती घेतली म्हणून एका श्रोत्याने त्याला ‘यहूदा’ अशी हाक मारली, ती याच मैफलीत. प्रत्यक्षात ती १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली होती. १९९८ साली ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हाही ते चुकीचे नाव, अवतरणचिन्हांत का होईना, मुखपृष्ठावर राहिले. आणि ती हाक? ‘स्वच्छता’ म्हणून ती पुसून टाकली असती, तर आवाज निर्मळ झाला असता आणि साक्ष खोटी. सिस्टिन चॅपेलच्या भित्तिचित्रांची १९८० ते १९९४ या काळात सफाई झाली, तेव्हाही काजळीबरोबर मायकेलअँजेलोच्या हातच्या छटाही गेल्या की काय, असा वाद माजला होता. दुरुस्ती करणाऱ्याने कुठे थांबावे, हा प्रश्न तंत्राचा कमी आणि विनयाचा अधिक आहे.

दुसरे बंधन निर्लोभतेचे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, ही प्रभूची शिकवण गायक-वादकालाही लागू आहे. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. फिती आपापसांत द्याव्या-घ्याव्यात, विकू नयेत, एवढीच अपेक्षा होती. संमती मिळताच चोरीचे रूपांतर दानात झाले. जो संग्राहक त्याच फितीच्या तबकड्या काढून विकतो, त्याने दुसऱ्याच्या श्रमाचे मोल खिशात घातले. सुरांच्या रक्षणाची भाषा त्याच्या तोंडी शोभत नाही.

तिसरे बंधन दयेचे आहे आणि ते सहसा विसरले जाते. १८ जून २०११ रोजी बेलग्रेड येथे एमी वाइनहाउस ही गायिका रंगमंचावर आली तेव्हा तिला धड उभे राहवत नव्हते, शब्द आठवत नव्हते. ती दृश्ये जगभर पसरली. महिन्याहून थोड्या अधिक काळातच, २३ जुलै रोजी, ती सत्तावीस वर्षांची असताना वारली. असे मुद्रणही इतिहासच आहे, हे खरे. परंतु प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरू जन्मभर मनात मिटवून ठेवतो, अशा परंपरेत आपण वाढलो आहोत. माणसाची दुर्बल घटका जगापासून झाकणे ही त्याच्या स्मृतीची सेवा असू शकते. जपलेले सगळेच वाजवले पाहिजे, असे नाही.

शेवटचे बंधन परतीचे. अन्यायाने आलेल्या वस्तूची भरपाई झाल्यावाचून न्याय पूर्ण होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मिलर्डने २६ एप्रिल १९७५ रोजी लपून मुद्रित केलेली पिंक फ्लॉइडची मैफल, तिचे ध्वनिसंस्करण होऊन, २०२५ साली त्या वाद्यवृंदाच्या अधिकृत संचात समाविष्ट झाली. मिलर्ड १९९४ सालीच निवर्तला होता. पन्नास वर्षांनी सूर ज्यांचे होते त्यांच्या स्वाधीन झाले आणि त्यांनी ते स्वीकारले. चाकांच्या खुर्चीतले सोंग त्यामुळे खरे झाले नाही; पण एका दोषातून जन्मलेली वस्तू योग्य घरी पोहोचली. दोष आणि फळ यांना अशा रीतीने वेगळे करता येते, हीच आपली आशा नव्हे काय?

आपल्या कपाटांतूनही कॅसेटी आहेत. कुणाचे लग्न, कुणाचे पहिले कम्युनियन, ओटीवर बसून गाणाऱ्या आजीचा तिच्या नकळत टिपलेला आवाज. यंत्र बिघडले म्हणून त्या पडून आहेत, आणि फीत वाट पाहत बसत नाही. त्या वाचवाव्यात, मात्र वाचवताना आजीचा खोकला पुसू नये, आणि तिने घरातल्यांपुरते जे गायिले ते चारचौघांत वाजवण्यापूर्वी, तिला हे आवडले असते का, असे एकदा मनाला विचारावे.