ग्रंथ पूजावा की तपासावा?

परमार्थात एक प्रश्न फार जुना आहे. ज्या ग्रंथावर माथा टेकावयाचा तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्यात मागाहून काय मिसळले, हे विचारावे की न विचारावे? कीर्तन आटोपले की तरुण मंडळी आम्हांस हे हटकून विचारतात आणि वडीलधारी मंडळी त्यांस दटावतात. दटावल्याने तोंड मिटते, शंका मिटत नाही. आपल्या घरचे उदाहरण घेतले की जो तो आधीच बाजू धरून बसतो. म्हणून आज आम्ही दूरचे उदाहरण घेतो. ते यहुदी लोकांच्या गूढविद्येचे, आणि तिचा अभ्यास करणाऱ्या एका पंडिताचे आहे.

यहुदी नाव ऐकून कोणी परके मानू नये. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, त्याच धर्माचे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या शास्त्रातील कथा मराठी कीर्तनात बसवून गाइल्या. पण आजची कथा कोकणातली नव्हे. ती स्पेन, जर्मनी आणि जेरुसलेम येथली आहे.

यहुद्यांच्या या विद्येस 'कब्बाला' म्हणतात. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'घेतलेले', म्हणजे पूर्वजांकडून स्वीकारलेले. आपला 'संप्रदाय' शब्द देण्यावरून आला, त्यांचा घेण्यावरून; व्यवहार एकच. ईश्वर मुळात अनंत, त्यास ते 'एन सोफ' म्हणतात. आणि तो ज्या दहा रूपांनी प्रकट होतो त्या 'सेफिरोत'. या विद्येचा मुख्य ग्रंथ 'झोहार', म्हणजे तेज. तो स्पेनमध्ये इ. स. १२८० च्या सुमारास लोकांपुढे येऊ लागला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली, तोच हा काळ. मोझेस द लिऑन नावाचे पंडित त्याच्या प्रती देत, आणि हा दुसऱ्या शतकातील शिमोन बार योहाय या थोर ऋषितुल्य पुरुषाचा ग्रंथ आहे असे सांगत. मोझेस १३०५ साली वारले. मूळ पोथी कधी नव्हतीच, पतीने सारे आपल्या बुद्धीने लिहिले, असे त्यांची पत्नी म्हणाल्याची वार्ता एका समकालीन कब्बाली पंडिताने तेव्हाच लिहून ठेवली आहे.

तरी पुढे कैक शतके भक्तांनी हा ग्रंथ डोक्यावर धरला. मग एकोणिसाव्या शतकात सुधारलेल्या यहुदी विद्वानांस त्याची लाज वाटू लागली. त्यांचे मोठे इतिहासकार हाइनरिख ग्रेट्झ यांनी झोहार बनावट ठरविला आणि सारी कब्बाला म्हणजे धर्मावरचा डाग, असा निवाडा दिला. भक्त म्हणत, विचारू नका. विद्वान म्हणत, वाचू नका. दोघांच्या मध्ये ग्रंथ मात्र न अभ्यासलेला राहिला!

अशा वेळी गेरशोम शोलेम हे पुढे आले. जन्म बर्लिनचा, १८९७ सालचा. आरंभी गणिताचा अभ्यास, मग १९२२ साली म्यूनिक येथे 'बाहीर' या जुन्या कब्बाला ग्रंथावर प्रबंध. तरुणपणी ते बर्लिनमधील एका विद्वान रब्बींकडे गेले. घरात कब्बालाच्या दुर्मिळ पोथ्या. हे सारे आपण वाचले असेल, असे शोलेम आदराने म्हणाले. त्यावर, असली अडगळ वाचावयाचीही का, अशा अर्थाचे उत्तर मिळाले! १९२३ साली ते जेरुसलेमास गेले. तेथील एका वृद्ध कब्बाली साधकाने शिकविण्याची तयारी दाखविली, पण अट घातली की प्रश्न विचारावयाचा नाही. शोलेम यांनी विचार करून नकार दिला.

येथे आम्हांस न्यायशास्त्र आठवते. त्यात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून बोलणे तो वाद. जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. आपले काही न मांडता दुसऱ्याचे खोडीत बसणे ती वितंडा. प्रश्न तोच असतो, विचारणाऱ्याची वृत्ती वेगळी असते. गीतेने प्रणिपात आणि सेवा यांच्या पंक्तीस परिप्रश्न बसविला आहे, हे विसरू नये. पण त्या वृद्धाचेही सर्वस्वी चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गोडी कळण्याआधीच उसाची मुळे उकरणारेही असतात की नाही?

शोलेम यांनी काय केले, ते पाहा. झोहारात प्राचीन भाग असावा, असे त्यांस प्रथम वाटे. वर्षानुवर्षे त्यांनी भाषा तपासली. ग्रंथ अरामी भाषेत, पण ती पुस्तकांतून शिकलेली; मधून मध्ययुगीन हिब्रूची वळणे डोकावतात; पवित्र भूमीचा भूगोलही जागोजाग चुकतो. मोझेस यांच्या इतर ग्रंथांशी ताडून पाहता ग्रंथाचा मुख्य भाग त्यांचाच, असा त्यांनी निर्णय केला व १९४१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. म्हणजे काळाविषयी निर्णय ग्रेट्झ यांचाच झाला! पण म्हणून त्यांनी मोझेस यांस लबाड म्हटले नाही. थोरांच्या नावाआड स्वतःस लपविणे ही त्या काळची रीत होती. आपल्याकडे व्यासांच्या नावावर काय थोडे ग्रंथ आहेत? लेखक कोणीही असो, त्या ग्रंथात एका समाजाचा खरा ईश्वरशोध आहे, हे शोलेम यांनी जगास दाखविले. ग्रेट्झ आणि ते यांच्यात फरक आदराचा होता.

न विचारण्याने काय होते, तेही त्यांनीच दाखविले. शब्बताय झेवी नावाच्या साधकास १६६५ साली गाझाच्या नेथनने तारणहार म्हणून जाहीर केले. कब्बालावर श्रद्धा ठेवणारे देशोदेशीचे यहुदी पवित्र भूमीस निघण्याच्या तयारीस लागले. १६६६ साली सुलतानाने पकडून आणताच हा तारणहार मुसलमान झाला. तरी काही अनुयायी म्हणाले, हे पतनही ईश्वरी लीलाच! ही कथा झाकावी असे पुष्कळांस वाटे. शोलेम यांनी १९५७ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. झाकलेली जखम आत चिघळते. संप्रदायाचा इतिहास संप्रदायानेच सांगावा, नाही तर निंदक सांगतात.

आणि सेवा म्हणाल तर, नाझींनी लुटलेल्या यहुदी ग्रंथांचा शोध घेण्यासाठी हेच शोलेम १९४६ साली युरोपात गेले. ते कब्बालाचे साधक नव्हते. पण पोथी वाचविणाऱ्यास तुम्ही भक्त नव्हे असे कोण म्हणेल?

तरी या मार्गास मर्यादा आहे. १९८८ साली मोशे इडेल यांनी लिहिले की, शोलेम यांनी सिद्धान्त व पोथ्या पाहिल्या, पण साधकांची साधना आणि अनुभव यांस पुरेसे वजन दिले नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, हे ज्ञान परोक्ष आहे. पंचपक्वान्नांची यादी अचूक केली म्हणून पोट भरत नाही. पण यादी खोटी असावी, असेही कोणी म्हणत नाही.

शेवटी भिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. गालिलीतील मेरोन गावी शिमोन बार योहाय यांची समाधी मानतात. 'लाग बाओमेर' या दिवशी तेथे यात्रा भरते, शेकोट्या पेटतात, लोक गातात, नाचतात. झोहार त्यांचा नव्हे, हे शोलेम यांनी मांडले त्यास आठ दशके होऊन गेली. यात्रा ओस पडली नाही. सनावळीने जी श्रद्धा मोडते ती सनावळीवरच उभी असते; अनुभवावर उभी राहिलेली श्रद्धा तपासास भीत नाही.

म्हणून तरुणांस आमचे सांगणे, विचारा. पण वाद करा, वितंडा नको, आणि विचारून झाल्यावर भजनास बसा. वडीलधाऱ्यांस विनंती, दटावू नका. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठभेद तपासूनच केली. तपासणारा हात आणि टाळ धरणारा हात एकच असू शकतो, याहून मोठा दाखला कोणता हवा? असो. रामकृष्णहरि.