टाळ्या वाजवून झाल्यावर

गेल्या दिवाळीत संग्रामपूरला घरी होतो. ताई आणि तिचा मुलगाही आले होते. भाचा अकरा वर्षांचा, त्याला रोज संध्याकाळी काहीतरी बघायला लागतं. म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला. २०१४ साली आला तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर होतो. सहा जण एका कॉटवर बसून पाहिला होता आणि मला आठवत होती ती फक्त सायकल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पंढरपूर, कार्तिकी एकादशीची गर्दी. वडील वारलेत. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जप्त झालंय. पैसे उभे करायला आई सायकल विकायचं ठरवते. तीच सायकल, जी वडिलांनी मुलासाठी बनवली होती आणि जिचं नाव एलिझाबेथ. मग ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण आणि दोस्त मंडळी आईला न सांगता यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात.

भाचा मुलांच्या बाजूने ओरडत होता. मीही टाळ्या वाजवत होतो. पण या खेपेला माझं लक्ष सारखं आईकडे जात होतं. ती चुकत नाहीये. तिचा हिशोब बरोबर आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही सायकलच काढली असती, घरातली दुसरी कुठली वस्तू विकणार?

मोठ्या माणसांना असले सिनेमे का आवडतात, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे बालपणाची आठवण. मला ते आळशी वाटतं. माझ्या बालपणात खारं पाणी होतं, लोडशेडिंग होतं आणि स्कॉलरशिपचे पेपर होते. ते परत नकोय मला. हवं असतं ते वेगळंच. सायकल जाणार आहे, ती वाचवायची, एवढा सरळ प्रश्न. ऑफिसात मी तीन महिने एका फीचरवर काम करतो आणि शेवटी ते कोणाला हवं होतं हेच कोणाला सांगता येत नाही. अशा माणसाला बांगड्या विकून पैसे मोजणारी पोरं बघताना बरं वाटणारच.

‘फास्टर फेणे’चं तर गंमतच आहे. भा. रा. भागवतांचा बन्या शाळेतला पोरगा. २०१७च्या सिनेमात मात्र तो मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. पुस्तकं वाचणारे वाढले, म्हणून त्यालाही वाढवला.

पण या सगळ्या सिनेमांची एक अट असते, ती जरा टोचते. मोठ्यांना वाटेतून बाजूला करावं लागतं. ‘ई.टी.’मध्ये बाप घर सोडून मेक्सिकोला गेलेला. ‘होम अलोन’मध्ये सगळं कुटुंब विमानात. इथे वडील वारलेले आणि आई कामात. घरात एक रिकामा, काळजी करणारा मामा असता तर कथा दहाव्या मिनिटाला संपली असती. म्हणजे थिएटरात आपण ज्या गोष्टीला टाळ्या वाजवतो, ती आपण तिथे नसल्यामुळेच घडते.

हे नुसतं सुचून सोडून दिलं असतं. पण सिनेमा संपला आणि भाच्याने विचारलं, “मामा, मी आन् शेजारचा पिंट्या सायकलनं वारीले जाऊ?”

आमच्याकडे वारी म्हटलं की दोन. एक शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते ती. दुसरी म्हणजे सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, वान नदीकाठचं वारी हनुमान. तो दुसरीबद्दल बोलत होता. मी लगेच नाही म्हणालो. रस्त्यावर गाड्या वाढल्यात, नदीत डोह आहेत. दोन्ही खरं.

“तू तं गेलता ना लहानपणी?”

गेलो होतो. त्याच्याच वयाचा असताना, घरी न सांगता, तिघं जण दोन सायकलींवर. परतलो तेव्हा अंधार पडला होता. बाबा चौकात उभे होते, किती वेळ ते मी कधी विचारलं नाही. मारलं नाही. “भूक लागली असन, चाल,” एवढंच म्हणाले. ही गोष्ट मी गेली पंधरा वर्षं दोस्तांना सांगत आलोय. तिचा अर्थ मी असा लावला होता की माझ्या बापाने मला मोकळं सोडलं.

म्हणून त्या रात्री बाबांना विचारलं, तुम्ही मला जाऊ कसं दिलं?

“जाऊ कुठं देल्लं? मले ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तं तंगडं तोडलं असतं.”

आणि मग थोडं थांबून, “विहिरीत गळ टाकून पाह्यला होता आम्ही.”

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस आणि कोणीतरी विहिरीत गळ फिरवत होतं.

आता मला कळेना की भाच्याला काय सांगावं. परवानगी देऊन पाठवलं तर काही झाल्यास दोष माझा. नाही पाठवलं तर टीव्हीसमोर टाळ्या वाजवणारा मी खोटा. मी सोबत गाडीवरून येतो म्हटलं, तर तो म्हणाला, “मंग ते तं ट्रिप झाली.” त्याचं बरोबर होतं. फोन सोबत ने, लोकेशन चालू ठेव म्हटलं, तर तो नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात हवा भरायचा पंप पडलेला होता आणि सायकल जागेवर नव्हती. ताई अजून झोपलेली. मी गाडीची चावी घेतली. बाबा ओट्यावर चहा पीत बसले होते.

“बस जरा,” ते म्हणाले. “सोनाळ्यापर्यंत तं जाऊ दे.”

मी बसलो. चावी हातातच होती.