वाट कोणाची?

कार्तिकीच्या सुमारास कूर्मदासाचे आख्यान लावले नाही, असा कीर्तनकार विरळा. पैठणचा हा भक्त, हात ना पाय. कथेत पंढरीचा महिमा ऐकला आणि लोळत लोळत निघाला. लऊळापर्यंत पोचला, पुढे देह चालेना आणि एकादशी तर जवळ आली. वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने देवाला निरोप धाडला, आणि देव ज्ञानदेव-नामदेवांसह त्याच्यासाठी लऊळास आला. महिपतींनी भक्तविजयात हे गायिले आहे. मीही चाळीस वर्षे गातो. देव आला म्हटले की गजर, आणि लगेच आरती.

परंतु संतसज्जनहो, मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की ही कथा माझ्याच गळ्यात अडकली.

आमच्या फडावरचे एक जुने टाळकरी आहेत. पक्षाघाताने पाय गेले, आता चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांच्या गावी माझी कीर्तनसेवा होती. सकाळी म्हणाले, "महाराज, चला, बागेत बकुळीखाली बसू." फाटकाशी येतो तो मध्ये लोखंडी खांब रोवलेले, का तर मोटारसायकली आत शिरू नयेत. माणूस अंग चोरून जातो. खुर्ची जात नाही. मी पोरांना हाक मारली, "उचला रे माउलीला!" चौघांनी खुर्चीसकट उचलून आत ठेवले. आत खडी, चाके रुतली, पुन्हा उचलले. मला वाटले, चांगली सेवा घडली. बुवा मात्र बकुळीखाली गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाले, "महाराज, आज तुम्ही होता. उद्या कोण? झाड पाहायला रोज चार खांदे लागायचे म्हणजे..." पुढे बोलले नाहीत. चार खांदे केव्हा लागतात ते मला का ठाऊक नाही?

तेव्हा प्रश्न असा, की उचलणे हा धर्म, की वाट करून देणे हा? उचलण्यात पुण्य उचलणाऱ्याचे, उचललेल्याच्या पदरी नुसता उपकार. वाट केली तर कोणी कोणावर उपकार केला हे कळतसुद्धा नाही. आम्हाला तेच जड जाते. धर्मशाळेला दात्याच्या नावाची पाटी लागते. उताराला कोण लावणार?

वनपर्वात आठ ठिकाणी वाकडा असलेला अष्टावक्र जनकाकडे निघालेला असतो. राजाची स्वारी समोरून येते, सेवक त्याला वाटेवरून हटवू लागतात. तेव्हा तो वाट कोणाची ते सांगतो, आणि पहिले नाव आंधळ्याचे घेतो, मग बहिऱ्याचे. राजा बराच मागे. शेवटी ब्राह्मण भेटला तर वाट त्याची, असेही म्हणतो, आणि पाठशाळेत आम्ही तेवढेच घोकले! राजा बाजूला झाला. त्याने दया केली नाही. ज्याची वाट त्याला दिली.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही निराळे सांगत नाही. आणि काम तरी केवढे? खांबांमधून खुर्ची जाईल अशी तीन फुटांची फट, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, खडीच्या जागी घट्ट बसवलेली फरशी, आंधळ्याच्या काठीला लागेल अशी कड, मधूनमधून बाक. मोटारसायकली शिरतील म्हणाल, तर त्यांना रखवालदाराने अडवावे. त्यांचा दंड खुर्चीवाल्याने का भरावा? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून लाकडी वाट घातली, चाकाची खुर्ची समुद्राजवळ जावी म्हणून. पुढच्याच महिन्यात वादळाने ती मोडली, पुन्हा दुरुस्त केली. वाट एकदा करून भागत नाही, वारीसारखी राखावी लागते.

लऊळावरून तेव्हा किती दिंड्या गेल्या असतील! त्यांनी निरोप पोचवला, मी नावे ठेवीत नाही. पण देव आला म्हणून मागे राहिलेले आपण सुटलो काय?

यंदाही आख्यान तेच लावणार आहे. फक्त देव येण्याआधी जरा थांबणार आहे. बागेच्या फाटकाबद्दल गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. टाळकरीबुवा सध्या फाटकाबाहेरच बसतात. बकुळ फुलली की वास तिथवर येतो, म्हणाले.