कानात आणि कानावर

'नऊ वर्षांच्या मुलीसाठी बेताच्या किमतीचा म्युझिक प्लेअर कुठला घ्यावा?' हा प्रश्न खरं तर दुकानदाराला विचारायचा. पण गेले दोन महिने आमच्या घरी या प्रश्नावर जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेतानासुद्धा झाली नव्हती. आणि त्या चर्चेत डॉलरांपेक्षा वेगळंच काहीतरी पणाला लागलं आहे, असं मला हळूहळू वाटायला लागलं. ते नेमकं काय, हे नीट मांडून बघावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी व्यवहाराचं बोलू. ग्लेन वेव्हर्लीत काय किंवा आसपासच्या उपनगरांत काय, आपल्यासारख्या बऱ्याच घरांत हा पेच आहे. मुलांना गाणी हवी असतात, आणि आपल्याला त्यांच्या हातात इतक्यात फोन द्यायचा नसतो. व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत २०२० पासून शाळेच्या वेळात फोन बंद करून ठेवून द्यावा लागतो. १० डिसेंबर २०२५ पासून तर ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना ठरावीक समाजमाध्यमांवर खातंच ठेवता येत नाही. 'जरा थांबा' असं आता सरकारही म्हणतं आहे. पण गाणं ऐकायला कशाला थांबायचं?

पूर्वी याला सोपं उत्तर होतं. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आयपॉड आला. त्यात पाच जीबी जागा होती आणि हजारेक गाणी मावत. २००५ साली त्याचं स्वस्त भावंड 'शफल' आलं. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडचा कारभार आटोपता घेत असल्याचं जाहीर केलं. आता फारशा नावाजलेल्या नसलेल्या कंपन्यांचे छोटे प्लेअर मिळतात. चार बटणं, इवलासा पडदा आणि मेमरी कार्डाची खाच. पन्नास ते शंभर डॉलरांत बरा प्लेअर येतो. नेहमीच्या दर्जाच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाच-पाच मिनिटांची सहा हजारांवर गाणी बसतात. नऊ वर्षांच्या मुलीला वीस पुरतात, कारण त्यातली ती तीनच ऐकते! पडद्याकडे न बघता दाबता येतील अशी बटणं, वायरचा हेडफोन लावायची सोय, आवाजाला वरची मर्यादा घालता येणं आणि इंटरनेट नसणं, एवढं बघितलं की खरेदी संपली.

खरा पेच त्यानंतर सुरू होतो. त्यात भरायचं काय?

माझी यादी तयार होती. सुधीर फडके, लता मंगेशकर, भीमसेन जोशी, थोडी बालगीतं, झालंच तर मनाचे श्लोक. लेकीने यादी ऐकून घेतली आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाबा, पण प्लेअर माझा आहे ना?"

या प्रश्नाला आपल्याकडच्या धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. दान म्हणजे नुसतं हातातली वस्तू पुढे करणं नव्हे. त्या वस्तूवरचं आपलं स्वत्व सोडायचं आणि घेणाऱ्याचं स्वत्व तिथे निर्माण करायचं, तेव्हा ते दान पुरं होतं. यज्ञात आहुती टाकताना 'न मम' म्हणतात ते याचसाठी. हा निकष लावून बघितला की आपण मुलांना दिलेल्या बऱ्याच वस्तू आपण दिलेल्याच नसतात, असं लक्षात येतं. फोन देतो, पण त्याचा परवलीचा शब्द आपल्याकडे, तो कुठे आहे हे दाखवणारा नकाशा आपल्याकडे आणि रात्री किती वाजता बंद व्हायचं तेही आपल्याकडे. ते गरजेचंही असेल, पण त्याला भेट म्हणू नये.

महिन्याच्या वर्गणीवर मिळणाऱ्या गाण्यांची गोष्ट आणखी गमतीची आहे. ती आपलीही नसतात, मग मुलीला देणार काय? वर्गणी थांबली की गाणी गेली. शिवाय पुढचं गाणं कुठलं हे बऱ्याचदा कंपनीचा संगणकच सुचवतो. त्यापेक्षा विकत घेतलेली सीडी बरी. ऑस्ट्रेलियात २००६ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून आपल्या मालकीच्या सीडीवरची गाणी घरगुती वापरासाठी आपल्या प्लेअरवर उतरवून घेता येतात आणि घरातल्या माणसाला ऐकायला देता येतात. त्याआधी ही साधी गोष्टसुद्धा कायद्यात बसत नव्हती. एकूण हिशेब असा, की पन्नास डॉलरांचा इंटरनेट नसलेला हा डबा मला परवडतो आणि तो मी खऱ्या अर्थाने देऊही शकतो. असं दुसरं काही आजच्या बाजारात मला सहज सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल, "अहो, नऊ वर्षांची पोर ती! तिला काय कळतंय? सगळंच 'न मम' म्हणून कसं चालेल?" आक्षेप रास्त आहे. मला सुचलेलं उत्तर असं, की जे एकदा बिघडलं की दुरुस्त होत नाही त्यावर आईबापांचा हक्क राहावा, आणि जे बदलू शकतं ते मुलांवर सोडावं. कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी मिळून केलेल्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरली आहे, मोठ्यांसाठी ८० डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की ऐकण्याचा वेळ निम्म्यावर आणायचा. या हिशेबाने ९० डेसिबलला मुलाच्या वाट्याला आठवड्यात जेमतेम सव्वा तास येतो. तेव्हा आवाजाची मर्यादा मी ठरवणार. स्प्रिंगवेल रोड ओलांडताना कान मोकळे असले पाहिजेत, हेही मी ठरवणार. त्यावर वाद नाही.

आवड मात्र बदलते. आज तिला जे गाणं जगातलं सर्वश्रेष्ठ वाटतं, ते पुढच्या वर्षी ऐकताना तिलाच हसू येईल. शब्द वंगाळ असले तर काय, हा प्रश्न उरतोच. तिथे मला गुपचूप प्लेअर तपासण्यापेक्षा "मलाही ऐकव ना" म्हणणं जास्त सभ्य वाटतं. चार-पाच डॉलरांत एका खाचेला दोन हेडफोन लावायचा जोड मिळतो. ही कल्पना नवी नाही. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला, त्यालाही दोन हेडफोन लावायच्या खाचा होत्या आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटणही होतं. सोनीच्या अकिओ मोरिता यांना वाटत होतं, की एकट्यानेच गाणं ऐकत बसणं लोकांना शिष्टाचाराला सोडून वाटेल. लोकांना तसं काही वाटलं नाही, आणि दुसरी खाच पुढे नाहीशी झाली.

मोरितांची ती शंका मात्र मला सोडत नाही. आमच्या आईने व्हिडिओवर नातीला हेडफोन लावलेलं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, कानात असे बोळे घालून बसली तर तिच्या कानावर काही पडायचं कसं?" आईला तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं. पण 'कानात' आणि 'कानावर' हे दोन शब्द तिने शेजारी ठेवले, आणि माझ्या मनातला गुंता निम्मा सुटला.

आपल्याजवळ जे मराठी गाणं आहे, ते आपण कुठे निवडलं होतं? ते कानावर पडलं. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गाणी. ते रेडिओवर लागलं, की घरातल्या पोरांना कोण विचारायला गेलं होतं, तुम्हाला ऐकायचं आहे का? वाड्यात, चाळीत शेजारच्यांचा रेडिओ हा आपलाच रेडिओ होता. भाषाही अशीच येते. शिकवलेली थोडी, कानावर पडलेली फार. इथल्या आपल्या मुलांना गणपतीतल्या आरत्या येतात त्या कुणी वर्ग घेतला म्हणून नव्हे. शब्द निम्मे चुकीचे, चाल मात्र पक्की!

ग्लेन वेव्हर्लीतल्या घरांची अडचण इथे आहे. प्रत्येकाची खोली वेगळी, दारं बंद, खिडक्या बंद. शेजारच्या घरातून फार तर शनिवारी सकाळी गवत कापायच्या यंत्राचा आवाज येतो. इथे मराठी आपोआप कानावर पडत नाही, ती पाडावी लागते. म्हणून मग आपण घाईला येतो आणि जे कानावर पडायला हवं, ते मुलांच्या कानात कोंबायला बघतो. त्यांच्या प्लेअरमध्ये आपली यादी भरणं म्हणजे तेच. निवडायची एक जागा मुलीला मिळाली होती, ती पुन्हा आपणच अडवायची, आणि आपल्या गाण्याला 'बाबांनी लावलेला अभ्यास' करून ठेवायचं. गाण्यावरही तो अन्यायच.

तेव्हा माझ्यापुरती वाटणी अशी ठरली आहे. कानातलं तिचं, कानावरचं आमचं. प्लेअरमधली वीस गाणी तिने निवडावीत, त्यात एकही मराठी नसलं तरी चालेल. स्वयंपाकघर, गाडी आणि रविवारची सकाळ आमची. सारेगामाने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा काढला, त्याची मराठी आवृत्तीही आहे. तसलं काहीतरी ओट्यावर ठेवावं, किंवा जुना स्पीकर आणि सीडी चालेल. तेही नको असेल तर पोळ्या लाटताना स्वतः गुणगुणावं, बेसूर का होईना. अट एकच. "ऐक गं, किती छान आहे!" असं म्हणायचं नाही. गाणं आपल्याला आवडतं म्हणून लावायचं, तिच्यावर संस्कार व्हावेत म्हणून नव्हे. मुलांना हा फरक लगेच कळतो.

यात धोका आहे, हे मला मान्य आहे. ती बोळे घालून बसेल आणि बाहेर फडक्यांचं गाणं भिंतींवर आपटून विरून जाईल. पण हेडफोन दिवसभर कानात राहत नाहीत. जेवताना निघतात, आजीशी बोलताना निघतात, प्लेअरची बॅटरीही संपते. तेवढ्या फटीतून जे आत जाईल ते जाईल. तीस वर्षांनी भांडी घासताना तिच्या तोंडी नकळत कुठली ओळ येईल, हे मी ठरवू शकत नाही. प्लेअर मात्र परवा घेतला, निळ्या रंगाचा. रंग तिने निवडला.