सिंधुबंदी आणि समुद्रातले मंदिर

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीला सिंधुबंदी म्हणतात. धर्मशास्त्रात तिला आधार आहे, पण तो एकमुखी नाही. बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत घातला. मनुस्मृतीने समुद्रयात्रा करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. त्याच ग्रंथात, समुद्रप्रवासाचे जाणकार ठरवतील तो व्याजाचा दर मान्य करावा, असेही सांगितले आहे. पुढे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांच्या प्रकरणात बंदी कडक झाली: जहाजाने प्रवास केलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही स्वीकारू नये. मात्र कलिवर्ज्यात पूर्वीच्या युगांत मान्य असलेले आचारच येतात. शास्त्रानेच बंदी काळाशी बांधली असताना तिला सनातन कसे म्हणावे?

खरी भीती आचार सुटण्याची होती. शिडाच्या जहाजावर महिनोन्महिने सोवळे, संध्या, स्वतंत्र चूल आणि पाणी कसे सांभाळायचे? ही अडचण खोटी नव्हती. पण अडचणीलाच पातक ठरवले गेले आणि ती बेडी समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपूरसारख्या शहरांतल्या घरांनाही पडली. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींना अमेरिकेस निघताना, हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर सांगावे लागले. सावरकरांनी हिंदू समाजाला जखडणाऱ्या सात स्वदेशी बेड्यांत सिंधुबंदी मोजली. १९३० मध्ये नागपूरचे डॉ. मुंजे गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तोवर सुशिक्षितांत तिचा धाक ओसरला होता.

बंदीची खरी कसोटी कॅरिबियन बेटांवर लागली. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे शिडाचे जहाज कलकत्त्याहून सुमारे २२५ करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले. वाटेत जातीची अंतरे मोडली, जहाजभाईचे नवे नाते जुळले. गावचे पुरोहित आणि तीर्थे मागे राहिली, तरी तुलसीरामायणाचे वाचन आणि दिवाळी टिकली.

त्रिनिदादच्याच सिवदास साधूंनी १९४७ मध्ये वॉटर्लू येथे साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर उभारले. कंपनीने ते पाडले, साधूंना तुरुंगवास झाला. जमीन मिळत नाही म्हणून ते समुद्राकडे वळले. सायकल आणि बादल्यांनी दगडमाती वाहत, वर्षानुवर्षे भर टाकत त्यांनी समुद्रातच देऊळ बांधले. १९९० च्या दशकात त्याची पुनर्बांधणी झाली आणि आजही तिथे पूजा होते. इतके सोसून टिकलेल्या या धर्माला पतित ठरवणारे वचन आज प्रमाण मानता येणार नाही.